आधी ओळंबा, मग काच

आमच्या न्हाणीघराला काचेचं दार आलं ते हौसेनं नाही. सासूबाईंचे गुडघे दुखरे, आणि नव्या पद्धतीच्या बाथरूममध्ये कमोड, बेसिन, अंघोळीची जागा सगळं एकाच फरशीवर. एकाची अंघोळ झाली की पुढच्या माणसानं ओल्या फरशीवरून कमोडपर्यंत जायचं. त्या एकदा घसरल्या. हाड वाचलं, पण घरात ठरलं की ओली बाजू आणि कोरडी बाजू वेगळी करायची. आधी पडदा लावून पाहिला. तो अंगाला चिकटतो, खालून पाणी जायचं ते जातंच, आणि पावसाळ्यात त्याच्या घड्यांत बुरशी धरते. मग काचेचा विचार आला.

आमच्या मुखेडात शॉवर म्हटलं की अजून काही घरांत नाकं मुरडली जातात, आणि ते समजण्यासारखं आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस काढलेल्या माणसाला डोक्यावरून नुसतं वाहून जाणारं पाणी बघवत नाही. सासूबाईही बादली-तांब्यानंच अंघोळ करतात. पण पाणी तांब्याचं असो की शॉवरचं, फरशी सारखीच ओली होते. म्हणून म्हातारं माणूस असलेल्या घरात ही काचेची आडकाठी उपयोगाची आहे. ती बसवताना आमच्याकडे जे घडलं ते सांगते. त्यात दाराचा दोष थोडा आणि भिंतीचा फार.

काच आम्ही जिल्ह्याच्या गावच्या एका दुकानातून मागवली. माप घ्यायला एक मुलगा आला. उंबऱ्याशी उकिडवा बसला, टेप लावली, मोबाइलमध्ये आकडा टिपला, ॲडव्हान्स घेतला आणि गेला. काही आठवड्यांनी काच आली, बिजागऱ्यांच्या खाचा आणि हँडलची भोकं पाडूनच. डाव्या भिंतीला बिजागऱ्या ठोकून दार टांगलं तेव्हा गंमत दिसली. खाली फट बेताची, मधोमध दार उजव्या भिंतीला जवळजवळ टेकतंय, आणि वरच्या कोपऱ्यात बोट आरामात आत जातंय. दाराची खालची कडही एका बाजूला उचललेली. दार लावून हात काढला की उतारावर सोडलेल्या बैलगाडीसारखं आपोआप उघडायचं.

फिटर म्हणाला, "काय होतंय बाई, दोन-तीन सूत म्हंजे काई नाई. सिलिकॉन मारू, दार बसतंय." एवढं म्हणून त्यानं वरच्या बिजागरीचा स्क्रू आणखी आवळला आणि टाइल टिकदिशी तडकली.

दोन-तीन सूत म्हणजे काहीच नाही, हे लाकडाच्या बाबतीत खरं आहे. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत जेमतेम तीन मिलिमीटर. सागवानी दार दोन सूत अडलं तर सुतार रंधा मारतो आणि चहा प्यायच्या आत दार बसतं. शॉवरची काच मात्र टफन केलेली असते. सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागून, आणि हा ताण काचेत कायमचा राहतो. म्हणूनच ती साध्या काचेच्या कितीतरी पट दणकट असते, आणि फुटलीच तर सुऱ्यासारखे तुकडे न होता तिचे बोथट दाणे होतात. पण त्याच ताणामुळे ती एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासता येत नाही. तसा प्रयत्न केला तर अख्खी काच दाण्यांचा ढीग होते. जे काही कापायचं ते भट्टीआधी. आमची पहिली काच आता मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे, खाचांसकट.

दार उतरवल्यावर आम्ही घरी ओळंबा लावला. डावी भिंत खालपासून वरपर्यंत तीन सूत बाहेर गेलेली निघाली. उजवी ओळंब्यात होती, पण मधोमध तिला जवळजवळ तेवढंच पोट. रुंदी खाली ९०८ मिलिमीटर, मध्ये ९०४, वर ९१७. दुकानाच्या मुलानं घेतलं होतं ते खालचं माप. ते चुकीचं नव्हतंच, फक्त ते खालचंच होतं.

नव्या कोऱ्या टाइलच्या भिंती अशा कशा, हा प्रश्न मलाही पडला. उत्तर टाइलच्या मागे आहे. आमच्याकडे बरीच न्हाणीघरं जुन्या भिंतीचा आधार घेऊन बांधलेली असतात. धाब्याच्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-तीन फूट जाड, आणि वर जाताना निमुळत्या. १९९३च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, त्या जड भिंतींखाली माणसं गेली. त्यानंतर लातूर-नांदेडकडे लोकांनी जमेल तसं विटा-सिमेंटकडे वळायला सुरुवात केली. पण सगळ्यांनी सगळं पाडलं नाही. एक भिंत जुनी ठेवायची आणि बाकीच्या नव्या उठवायच्या, असं झालं. आमची डावी भिंत त्यातलीच, जुनी. उजवी चार इंची विटांची. चार इंची भिंतीची गोष्ट अशी की तिची एकच बाजू सुतात लागते. भट्टीची वीट सगळी सारख्या मापाची नसते, तेव्हा मिस्त्री एक तोंड सरळ धरतो आणि कमी-जास्तपणा दुसऱ्या तोंडाला जातो. ते दुसरं तोंड बहुतेक वेळा बाथरूमच्या आत येतं, कारण तिथं टाइल बसणार असते. "टाइलमधी झाकतंय" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल.

आणि झाकतं ते कसं? सपाट प्लास्टर करण्याऐवजी टाइलच्या पाठीवर मसाल्याचे चार-पाच गोळे ठेवतात आणि भिंतीवर दाबतात. जिथं भिंत आत गेलेली तिथं गोळा जाड, जिथं बाहेर आलेली तिथं पातळ. वरून टाइल छान दिसते. मागे गोळ्यांच्या मधल्या जागा पोकळ राहतात. आमचा वरचा स्क्रू अशाच पोकळीवर गेला होता. ८ मिलिमीटर जाडीची काच एका चौरस मीटरला २० किलो भरते. आमचं दार ३५ किलोच्या आसपास. तेवढं वजन दोन बिजागऱ्यांवर, आणि वरची बिजागरी पोकळ टाइलवर. तडकली नसती तरच नवल.

त्यात काळी माती. उन्हाळ्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगते, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. गावाबाहेरचे नवे प्लॉट बरेचसे अशाच रानांतले. पाया मुरमापर्यंत नेला नसेल, प्लिंथ बीम नसेल, तर पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत घर थोडं हलतं. भिंतीला केसासारखी चीर पडली तर आपण पुट्टी भरतो आणि विसरतो. काचेच्या दाराला मात्र एका मिलिमीटरचाही फरक कळतो. काळ्या मातीवरच्या नव्या घरात मी तरी एक पावसाळा जाऊ दिल्याशिवाय काचेचं माप घेऊ देणार नाही. तोवर पडदा.

आता कामाचं. वाकडेपणा नाहीसा होत नाही, तो कुठेतरी मुरवावा लागतो, आणि कुठे मुरवायचा हे काच मागवण्याआधी ठरलं पाहिजे. सगळ्यात चांगली जागा प्लास्टर. घर बांधत असाल किंवा जुन्या टाइल काढणार असाल, तर ज्या दोन भिंतींच्या मध्ये दार येणार त्या मिस्त्रीला आधीच दाखवून ठेवा. तेवढ्या दोन पट्ट्यांत ओळंब्यात ठिपके देऊन, ॲल्युमिनियमची पट्टी फिरवून प्लास्टर करून घ्या. सगळं बाथरूम सरळ करायचा अट्टहास नको. दाराच्या जागेची हातभर रुंदीची पट्टी सरळ असली तरी पुरे. तिथं टाइल गोळ्यांवर बसवू देऊ नका. टाइलचं केमिकल दातेरी करणीनं सगळ्या पाठीला पसरून बसवायला सांगा. मिस्त्री म्हणेल माल जास्त लागतो. लागू दे. दाराच्या रेषेत उठावाची टाइल किंवा नक्षीचा पट्टाही घेऊ नका, त्यावर काच धरणारा चॅनेल सपाट बसत नाही आणि मागून पाणी झिरपतं.

टाइल आधीच लागलेली असेल तर निम्मं काम तपासण्याचं. वर एक खिळा किंवा काठी अडकवून ओळंबा सोडा आणि त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडू द्या, म्हणजे वाऱ्यानं हलत नाही. दोरी आणि भिंत यांच्यातलं अंतर दर टाइलच्या ओळीला मोजा, दोन्ही भिंतींना. नुसतं वर-खाली मोजाल तर पोट सापडणार नाही. लेव्हलची पट्टी वापरत असाल तर एकदा वाचून ती उलटी फिरवून पुन्हा त्याच जागी लावा. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच ठिकाणी नसेल तर पट्टीच खोटी. उंबऱ्याची पातळी लेव्हल पाइपनं बघा, आणि उंबऱ्याचा माथा आतल्या बाजूला किंचित उतरता हवा. कोपरा काटकोनात आहे का हे मिस्त्री लोकांच्या तीन-चार-पाचच्या हिशेबानं पाहता येतं. एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर खूण, दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं पाहिजे. आकडे मिलिमीटरमध्ये लिहा. सूत बोलायला ठीक, कागदावर घोळ करतं.

मग रुपयाचं नाणं घ्या आणि जिथं स्क्रू येणार त्या टाइल वाजवून बघा. भरीव आणि पोकळ यांचा आवाज ऐकला की लगेच कळतो. पोकळ निघाली तर बिजागरीची जागा बदला किंवा ती टाइल काढून नीट बसवा. वरवर रसायन टोचून भरतात, त्याच्यावर माझा भरवसा नाही.

मापं समोर आली की दाराचा प्रकार आपोआप ठरतो. दोन्ही भिंती एखाद-दोन मिलिमीटरच्या आत सरळ असतील तरच भिंतीवर थेट बिजागरी लावा. बिजागऱ्यांची रेषा ओळंब्यात नसेल तर दार आपोआप एका बाजूला ओढ घेणार, त्याला कुठला स्क्रू आवळून उपाय नाही. एखाद-दोन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर भिंतीला ॲल्युमिनियमचा चॅनेल हवा. चॅनेल भिंतीच्या तालावर बसतो आणि त्याच्या आत काच ओळंब्यात धरता येते. बनावटीनुसार साधारण १० ते २० मिलिमीटर फरक तो पोटात घेतो, आणि वरून दिसतही नाही. आम्ही शेवटी तेच केलं. डाव्या, कललेल्या भिंतीला चॅनेल घालून त्यात वीतभर रुंदीची स्थिर काच ओळंब्यात उभी केली. तिला वरून भिंतीपर्यंत आधाराची दांडी दिली, आणि दार त्या काचेला काच-ते-काच बिजागरीनं टांगलं. उजवीकडे, पोटाच्या भिंतीला, दुसरा चॅनेल. तो मधल्या पोटावर डुलत होता, म्हणून वर-खाली पट्ट्यांचं पॅकिंग देऊन सरळ केला आणि त्यावर चुंबकाची पट्टी बसवली. दार अरुंद झालं हे खरं. सासूबाईंना काठी घेऊन आत जाता येतं की नाही हे आधी पुठ्ठा उभा करून पाहिलं, मगच माप दिलं.

काच भिंतीच्या तिरकेपणाप्रमाणे तिरकी कापूनही मिळते. त्यासाठी प्लायचा फर्मा करून दुकानात द्यावा लागतो. दिसायला हे सगळ्यात सुंदर, पण फर्मा करणारा हात चांगला हवा, आणि पुढे भिंत हलली किंवा काच फुटली तर पुन्हा पहिल्यापासून. बोटभराहून जास्त तिरकेपणा असेल तर माझा सल्ला सरळ आहे, दार नकोच. एका बाजूला अडीच फुटांची नुसती स्थिर काच उभी करा, बाकी मोकळं सोडा. फरशीचा उतार जाळीकडे बरोबर असेल तर मुखेडच्या निम्म्या न्हाणीघरांना एवढं पुरेल, आणि बिजागरीची कटकट कायमची जाईल.

भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवा. टाइलवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा म्हणजे टोक घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत हिऱ्याच्या बिटनं सावकाश, वरून थेंब-थेंब पाणी सोडत. टाइलची कड आणि कोपरा टाळा. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत साधा प्लग धरत नाही, तिथं आत सिमेंट किंवा केमिकल अँकर भरावा लागतो. काच खाली ठेवायची झाली तर लाकडाच्या पट्टीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर, फरशीवर कधीच नाही. टफन काच मधून सोसते, कोपऱ्यावर टाइलचा टोला बसला की गेली.

सिलिकॉन ही भेग मिटवायची वस्तू आहे, भिंत सरळ करायची नाही. बोटभर फटीत भरलेलं सिलिकॉन पहिल्याच पावसाळ्यात काळं पडतं आणि कडेनं सुटतं. आणि सिलिकॉनमध्येही दोन जाती आहेत. व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते आम्लधर्मी. आपल्याकडे उंबऱ्याला, फरशीला शहाबादी असते. ती चुनखडीचा दगड, तिला आणि सिमेंटला आम्ल खातं, मग पकड सुटते. दुकानात न्यूट्रल, बुरशीरोधक, बाथरूमचं सिलिकॉन मागा. चॅनेलला ते बाहेरच्या बाजूनं लावा. आतून-बाहेरून दोन्हीकडे लावलं तर चॅनेलमध्ये शिरलेलं पाणी अडकून कुजतं. फक्त बाहेरून बंद केलं तर ते आतल्या बाजूला उतरून जाळीकडे जातं. आमच्या फिटरला हे पटेना, कारण आतून लावलेलं जास्त व्यवस्थित दिसतं. सिलिकॉन लावल्यावर चोवीस तास पाणी लावायचं नाही, म्हणजे घरातल्या सगळ्यांना त्या दिवशी दुसरीकडे अंघोळ.

दार बाहेर उघडणारं हवं, हे म्हाताऱ्या माणसांच्या घरात वाद न घालता मान्य करा. आत कोणी पडलं आणि दार आत उघडणारं असलं तर पडलेल्या माणसाच्या अंगामुळेच ते अडतं. बाहेर कमोडला दार लागतंय का ते फरशीवर खडूनं गोल काढून बघा.

बोअरच्या पाण्याबद्दल थोडं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची चांगली मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी चाखूनही क्षारांचं कळतं. ते काचेवर वाळलं की पांढरे डाग पडतात, आणि बरेच दिवस राहिले की निघत नाहीत. अंघोळ झाल्यावर रबरी वायपरचा एक हात, एवढाच इलाज. डाग पडलेच तर काचेवर लिंबू किंवा व्हिनेगर कपड्याला लावून पुसा, शहाबादीवर ओघळू देऊ नका. बाटलीतलं ॲसिड मात्र त्या खोलीत आणूच नका. फरशी घासायला आपल्याकडे ते सर्रास ओततात, आणि त्याच्या वाफेनं स्टीलच्या बिजागऱ्यांवर तांबूस ठिपके धरतात. आमच्या पहिल्या बिजागऱ्यांना ते महिनाभरातच दिसू लागले होते. नव्या घेताना ३०४ ग्रेड लिहून घेतली.

लिहून घेण्यावरून आठवलं. पहिली काच बसेना तेव्हा दुकानदार म्हणाला, भिंत तुमच्या मिस्त्रीची. मिस्त्री म्हणाला, माप दुकानाच्या पोराचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि पैसे गेले आमचे. दुसऱ्या वेळी ऑर्डरच्या कागदावर रुंदीची तीन मापं, उंचीची दोन, दोन्ही भिंतींचा ओळंब्यातला फरक, काचेची जाडी, दार कुठल्या बाजूला उघडणार, आणि माप दुकानाच्या माणसानं टाइल-ग्राउट झाल्यावर जागेवर येऊन घेतलं आहे, असं सगळं लिहून त्याची सही घेतली. तो आधी कुरकुरला. मग टेप पुन्हा खिशातून काढून स्वतःच वरचं माप परत घ्यायला स्टुलावर चढला.